टीव्हीओ सरकारी चॅनेल आहे का, आणि सडबरीत अँटेनावर का दिसत नाही?

तुमचा प्रश्न बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात मांडते. तुम्ही गेल्या वर्षी कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात, उत्तरेकडच्या सडबरीला आलात, मिसेस केंब्रियन कॉलेजात शिकतायत, लेक टॅबवर टीव्हीओ किड्स बघते, म्हणजे टीव्हीओ ह्या ओंटारियोच्या शैक्षणिक टीव्ही चॅनेलचे मुलांचे कार्यक्रम. शेजारच्या आजी म्हणाल्या की त्यांची मुलं ह्याच चॅनेलवर वाढली, छपरावरच्या अँटेनावर फुकट दिसायचं. तुम्ही अँटेना आणून लावलात पण टीव्हीओ काही येईना. म्हणून विचारलंत की हे आपल्या दूरदर्शनसारखं सरकारी चॅनेल आहे का, सरकारी असेल तर देणग्या कशाला मागतात, आणि इथलं बंद का केलं.

मी टोरांटोत टेप लायब्ररी आणि आर्काइव्हचं काम करते, बरीच वर्षं झाली. जुन्या टेप्स उतरवून डिजिटल करायच्या, नोंदी जुळवायच्या, काय ठेवायचं काय नाही ते ठरवायचं. शाळांसाठी निघालेल्या टीव्ही टेप्स ह्या कामात खूप हातात येतात. टीव्हीओची नोकर मी कधी नव्हते, त्यामुळे आतल्या गोष्टी सांगत नाहीये, जे नोंदीत आहे आणि जे टेपवर दिसतं तेवढंच.

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण मला विचाराल तर त्यांच्या मुळाशी एकच भानगड आहे. कॅनडात टीव्ही-रेडिओ हा केंद्र सरकारचा विषय आणि शिक्षण हा प्रांताचा. मग एखाद्या प्रांताला शिकवण्यासाठी टीव्ही चालवायचा असेल तर परवानगी कोणी कोणाला द्यायची? टीव्हीओची सगळी घडण, त्याचं नाव, त्याचे कार्यक्रम, त्याचा पैसा, हे सगळं ह्या पेचातून आलंय. तो एकदा लक्षात आला की बाकीचं आपोआप सुटतं.

तर सुरुवातीपासून. १८६७ च्या घटनेच्या ९३ व्या कलमाने शिक्षण प्रांतांकडे दिलं. रेडिओ तेव्हा नव्हताच, त्यामुळे तो कोणाचा हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. क्वेबेकने १९२९ मध्ये स्वतःचा रेडिओ कायदा केला, वाद लंडनच्या प्रिव्ही काउन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत गेला आणि १९३२ मध्ये निकाल लागला की प्रसारण केंद्राचं. त्याच वर्षी केंद्राची पहिली रेडिओ संस्था आली आणि १९३६ मध्ये तिच्या जागी सीबीसी, म्हणजे केंद्राची आजची प्रसारण संस्था. टीव्ही १९५२ च्या सप्टेंबरात आला, ६ तारखेला मॉन्ट्रियल आणि ८ ला टोरांटो (टोरांटोला पहिल्याच दिवशी पडद्यावर सीबीसीचं चिन्ह उलटं लागलं, ते इथल्या टीव्हीवाल्यांना अजून पाठ आहे). आपल्याकडे प्रसारण पहिल्यापासून केंद्राच्या यादीत होतं, आणि शिक्षण १९७६ च्या घटनादुरुस्तीपर्यंत राज्यांकडे. म्हणजे कागदावर पेच आपल्याकडेही होता, पण मुंबईचं टीव्ही केंद्र दिल्लीनेच काढलं, त्यामुळे तो फारसा वर आला नाही. ओंटारियोने मात्र स्वतःचं केंद्र मागितलं.

मागणारा माणूस होता बिल डेव्हिस. १९६२ ते १९७१ ओंटारियोचा शिक्षणमंत्री, पुढे १९८५ पर्यंत प्रीमियर, म्हणजे प्रांताचा मुख्यमंत्री. लोकसंख्या वाढत होती, शाळा कमी पडत होत्या, आणि ह्या माणसाने त्या काळात जे काही उभं केलं त्याची यादी मोठी आहे. मिसेस ज्या केंब्रियनमध्ये शिकतायत ते कॉलेजही त्याच्याच योजनेतलं, कम्युनिटी कॉलेजांचा कायदा १९६५ चा आणि केंब्रियन सुरू झालं १९६७ ला. टीव्ही हा त्याच विचाराचा पुढचा भाग होता, म्हणजे शाळा जिथे पोचत नाही तिथे शिक्षण पोचवायचं. टोरांटोत काही शिक्षणसंस्था एकत्र येऊन साठच्या दशकात दुसऱ्यांच्या चॅनेलवर वेळ घेऊन शैक्षणिक कार्यक्रम करतच होत्या, पण सकाळचा उरलासुरला अर्धा तास मिळवायचा आणि तेवढ्यात भागवायचं ह्याला मर्यादा होती. डेव्हिसला पूर्ण चॅनेल हवं होतं.

केंद्राचं म्हणणं, प्रांतिक सरकारच्या हातात प्रसारणाचं लायसन्स देणार नाही. आणि ही भीती अगदीच फोल होती असं मी म्हणणार नाही, सत्तेतल्या पक्षाच्या हातात स्वतःचं टीव्ही चॅनेल आलं तर काय होतं हे जगात बऱ्याच ठिकाणी दिसलंय. मग तोडगा निघाला तो असा. १९७० मध्ये ओंटारियोच्या विधिमंडळाने कायदा करून ओंटारियो एज्युकेशनल कम्युनिकेशन्स ऑथॉरिटी नावाची वेगळी संस्था काढली, रॅन आइड तिचे पहिले प्रमुख. २७ सप्टेंबर १९७० ला टोरांटोत चॅनेल १९ वर स्टेशन सुरू झालं, पण लायसन्स आणि ट्रान्समीटर सीबीसीचा! कार्यक्रम प्रांताचे, हवेतली जागा केंद्राची. १९७२ मध्ये केंद्राने नियम काढला की प्रांत सरकार थेट लायसन्स घेऊ शकत नाही, पण सरकारपासून अंतर ठेवून चालणारी स्वतंत्र संस्था घेऊ शकते, आणि तीही फक्त शैक्षणिक कार्यक्रमांसाठी. टीव्हीओन्टारियो हे नाव त्यानंतर रुळलं, आता नुसतं टीव्हीओ म्हणतात, पण कायद्याच्या कागदावर संस्था अजून तीच १९७० ची ऑथॉरिटी आहे.

आता शैक्षणिक म्हणजे काय हे कोणी ठरवायचं? नियमात व्याख्या केली होती. माझ्या शब्दांत सांगायचं तर कार्यक्रम अशा संदर्भात मांडला पाहिजे की बघणाऱ्याला सलग शिकायची संधी मिळेल, ज्ञान वाढेल किंवा समज वाढेल, आणि त्यावर प्रांताच्या शिक्षण यंत्रणेची देखरेख असेल. ह्यातला "संदर्भ" हा भाग सगळ्यात महत्त्वाचा ठरला. म्हणजे नुसता सिनेमा दाखवला तर ते मनोरंजन, ते खासगी चॅनेलचं काम. पण सिनेमाभोवती शिकण्यासारखं काही उभं केलंत तर चालेल.

ह्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे सॅटर्डे नाइट ॲट द मूव्हीज, १९७४ ला सुरू झालेला कार्यक्रम. निवेदक एल्वी योस्ट, मूळचा शिक्षक, आणि टोरांटोतल्या त्या शैक्षणिक टीव्हीच्या जुन्या संस्थेचा संचालक राहिलेला. शनिवारी रात्री जाहिराती न घालता सिनेमे, बहुतेक वेळा एका विषयाने जोडलेले दोन, आणि मध्ये मुलाखती. नट, दिग्दर्शक, कॅमेरामन, संकलक, पार्श्वसंगीत करणारे. ह्या मुलाखती अटीमुळे कराव्या लागल्या असं म्हणता येईल, पण त्या केल्या इतक्या प्रेमाने की आज हॉलीवूडच्या जुन्या पिढीतल्या कितीतरी लोकांचं बोलणं त्यातच सविस्तर सापडतं. योस्टने हे काम १९९९ पर्यंत केलं, कार्यक्रम २०१३ पर्यंत चालला. मला ह्या माणसाबद्दल फार आदर आहे. लोकांना कमी लेखून तो कधी बोलला नाही, आणि न कळणाऱ्या शब्दांत पण बोलला नाही.

दुसरं उदाहरण डॉक्टर हू, ब्रिटनची सायन्स फिक्शन मालिका, टीव्हीओने १९७६ पासून दाखवायला घेतली. तिचा शाळेशी काय संबंध? तर भाग संपला की कोणीतरी येऊन त्यावर बोलायचं. आधी जिम डेटर, भविष्याचा अभ्यास करणारे प्राध्यापक. मग जुडिथ मेरिल, स्वतः मोठी सायन्स फिक्शन लेखिका आणि संपादिका, व्हिएतनाम युद्धाच्या निषेधात अमेरिका सोडून टोरांटोत आलेली. हिने आपला पुस्तकसंग्रह टोरांटोच्या सार्वजनिक वाचनालयाला दिला, तो आजही तिच्या नावाने चालतो. ती भाग संपल्यावर काही मिनिटं बोलायची, ह्यात विज्ञान किती, कल्पना किती, हा समाज असा का दाखवलाय. पोरं थांबून ऐकायची. तेव्हाची पोरं आज साठीला आलीत आणि त्यांना मालिकेइतकीच ती आठवते.

असे मधले तुकडे, म्हणजे निवेदन, दोन कार्यक्रमांमधलं बोलणं, हे कुठल्याही स्टेशनमध्ये सगळ्यात आधी हरवतात. कार्यक्रमाची टेप जपतात, मधला भाग थेट जातो किंवा टेप पुसून परत वापरतात, तेव्हा टेप महाग होती. म्हणून कोणाच्या घरी सत्तरच्या शेवटी किंवा ऐंशीच्या दशकात टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या कॅसेट असतील तर कृपया टाकू नका. त्यावर पुसट, रेघा पडलेलं, मध्येच कापलेलं जे काही असेल ते कदाचित दुसरीकडे कुठेच नसेल.

शाळेच्या टेप्सबद्दल सांगते, कारण तिथे स्टेशनचं मूळ काम दिसतं. यू-मॅटिक ही जुनी व्हिडिओ कॅसेट, पुस्तकाएवढी जाड, वर प्लास्टिकचा डबा, कण्यावर मालिकेचं नाव, भाग क्रमांक, लांबी. लांबी बघा, १० मिनिटं, १५ मिनिटं. टीव्हीच्या अर्ध्या तासाच्या हिशोबात हे बसत नाही, वर्गाच्या तासात बसतं, कारण टेप संपल्यावर शिक्षकाला बोलायला वेळ उरला पाहिजे. डब्यात कधीकधी घडी घातलेली शिक्षकांसाठीची पुस्तिका अजून असते, समासात कुठल्यातरी बाईंनी पेन्सिलीने लिहिलेलं, इथे थांबवा, हा प्रश्न विचारा. टेप लावली की आधी कलर बार्स आणि टोन (मशीन जुळवायला रंगांच्या पट्ट्या आणि एक सूर), मग पाटी, मग आकडे, मग कार्यक्रम. त्या काळातल्या काही जातीच्या टेप ओल धरतात, पट्टीवरचा मसाला चिकट होतो आणि मशीनच्या हेडला चिकटतो, अशी टेप ५०-५५ अंशांवर काही तास ओव्हनमध्ये शेकल्याशिवाय लावायची नाही, आणि शेकल्यावर थोडेच दिवस नीट चालते, तेवढ्यात उतरवून घ्यायची.

अशाच शालेय कार्यक्रमांतला एक टेलिफ्रान्से, १९८४ पासूनचा, फ्रेंच शिकवणारा, त्यात बोलणारा अननस आहे. ओंटारियोत शिकलेल्या चाळिशीच्या माणसासमोर नुसता अननस म्हणा, तो गाणं म्हणायला लागेल. लहान मुलांचा पोल्का डॉट डोअर १९७१ ते १९९३ चालला, मूळ साचा बीबीसीच्या मुलांच्या कार्यक्रमाचा. त्यात पोल्कारू नावाचा ठिपक्याठिपक्यांचा मोठा प्राणी यायचा, आणि तो आला की दोन निवेदकांतला पुरुष निवेदक नेमका बाहेर गेलेला असायचा, परत आला की हळहळायचा, ह्या वेळीही चुकला! मुलांना कारण कळायला काही वर्षं लागायची. आणि मोठ्यांसाठी १९८३ चा बिट्स अँड बाइट्स, घरात कॉम्प्युटर नुकता येत होता तेव्हा, कॉम्प्युटर म्हणजे काय तो चालतो कसा हे शिकवणारा, लोक ह्यात नाव नोंदवून घरबसल्या कोर्स करायचे. नियमातल्या व्याख्येत जे लिहिलंय ते ह्याच्याइतकं शब्दशः कोणी पाळलं नसेल.

माझं मत असं की त्या अटीने चॅनेलला जाच झाला नाही, त्या अटीनेच ते घडलं. प्रत्येक गोष्ट का दाखवतोय ह्याचं उत्तर आधी तयार ठेवावं लागायचं.

आता सडबरी. टोरांटोचं स्टेशन पूर्ण प्रांताचं व्हायचं तर बाहेर ट्रान्समीटर हवेत, आणि ओंटारियो केवढा आहे हे तुम्ही गाडी चालवून बघितलंच असेल. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून ओटावा, मग बाकी शहरं अशी रांग लागली. उत्तरेला जमिनीवरून सिग्नल नेणं परवडणारं नव्हतं तेव्हा सॅटेलाइटचा आधार घेतला, अनिक बी ह्या कॅनडाच्या सॅटेलाइटवर प्रयोग झाले, आणि पुढे छोट्या छोट्या गावांत डिश लावून सिग्नल खाली घ्यायचा आणि कमी पॉवरच्या ट्रान्समीटरने गावभर सोडायचा ही पद्धत बसली. खाणीची गावं, लाकडाची गावं, फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या वस्त्या. केबल नाही, वाचनालय लांब, अशा ठिकाणी हे चॅनेल आलं. सडबरीलाही ट्रान्समीटर होता, तुमच्या शेजारच्या आजी बरोबर सांगतायत.

तुमच्या गावापुरतं आणखी एक. सडबरीत फ्रेंच बोलणारे खूप, फ्रँको-ओंटारियन लोकांचा हिरवा-पांढरा झेंडा पहिल्यांदा फडकला तोच तिथल्या विद्यापीठात, १९७५ ला. फ्रेंच कार्यक्रम आधी टीव्हीओवरच ठराविक वेळात असायचे. १ जानेवारी १९८७ पासून फ्रेंचचं वेगळं चॅनेल झालं, आज त्याला टीएफओ म्हणतात, आणि २००७ पासून ती संस्थाही वेगळी आहे.

मग अँटेनावर बंद का झालं? २०११-१२ मध्ये कॅनडात ॲनालॉग टीव्ही बंद होऊन डिजिटल आला. मोठ्या शहरांत बदलणं सक्तीचं होतं, छोट्या ठिकाणी नव्हतं. प्रत्येक जुना ट्रान्समीटर डिजिटल करायचा म्हणजे प्रत्येक जागी नवीन यंत्र, नवीन खर्च, आणि तोवर बहुतेक घरात केबल किंवा डिश आलेली. टीव्हीओने ३१ जुलै २०१२ ला शंभराहून जास्त ॲनालॉग ट्रान्समीटर बंद केले, डिजिटल न करता. उरले टोरांटो आणि आणखी आठ: ओटावा, किचनर, लंडन, विंडसर, चॅटहॅम, बेलव्हिल, क्लॉइन, थंडर बे. २०१७ च्या जानेवारीत टोरांटो सोडून हे आठही बंद करायचं जाहीर झालं, वर्षाला साधारण १० लाख डॉलर वाचणार होते, लोकांनी आरडाओरडा केला आणि पुढच्याच महिन्यात प्रांताने तेवढे पैसे वाढवून दिले, आठही वाचले. सडबरी २०१२ लाच गेलं होतं. तुमचा अँटेना चांगला आहे की वाईट ह्याचा इथे संबंधच नाही, टोरांटो तिथून रस्त्याने ४०० किलोमीटरच्या आसपास, तो सिग्नल सीएन टॉवरवरून सुटत असला तरी तुमच्यापर्यंत येणार नाही. उद्या किचनर किंवा ओटावाला बदली झाली तर मात्र तोच अँटेना लावा, खिडकी कुठल्या दिशेला आणि मध्ये काय बिल्डिंगा आहेत ह्यावर अवलंबून आहे पण बहुतेक येईल.

बंद केलं ते हिशोबाने बरोबर होतं असं खूप जण म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या घरात केबलचं बिल भरणं जड जातं त्याच घरासाठी हे चॅनेल काढलं होतं, आणि उत्तरेत इंटरनेट अजूनही सगळीकडे धड नाही.

सरकारी आहे का, ह्याचं उत्तर. मालकी प्रांताची, पैशाचा मोठा वाटा प्रांताच्या बजेटमधून, बोर्डावरच्या नेमणुका सरकार करतं. पण रोज काय दाखवायचं हे मंत्री ठरवत नाही, ते अंतर १९७२ च्या नियमातूनच आलंय, लायसन्सची अटच ती आहे. दूरदर्शनला प्रसार भारतीमुळे असं अंतर कागदावर मिळालं ते १९९७ ला. हे अंतर नेहमी शंभर टक्के राहतं का? ताण येतात. २०२४ मध्ये युक्रेनच्या युद्धात रशियन सैनिकांबरोबर राहून काढलेल्या एका माहितीपटावरून मोठा वाद झाला, टीव्हीओचा त्यात पैसा होता, आणि बोर्डाने तो दाखवायचा नाही असं ठरवलं. आतल्या लोकांनीच विचारलं की संपादकांचा निर्णय बोर्डाने का फिरवावा. माहितीपट चांगला की वाईट हे बाजूला ठेवा, तो प्रश्न मला रास्त वाटतो.

देणग्या ह्यासाठी की जाहिराती नाहीत आणि सरकारचा पैसा दर निवडणुकीनंतर हलतो. टीव्हीओ नोंदणीकृत धर्मादाय संस्था आहे, देणगीची टॅक्स पावती मिळते. १९९५ ला माइक हॅरिस प्रीमियर झाले तेव्हा विकून टाकायचीच भाषा होती, बजेट कापलं गेलं, विक्री मात्र झाली नाही. बाजूला काय झालं बघा. अल्बर्टा प्रांताने आपलं शैक्षणिक चॅनेल ॲक्सेस १९९५ लाच खासगी लोकांना दिलं, ते आज सीटीव्ही टू अल्बर्टा आहे. सस्कॅचवानने १९८९ ला काढलेलं तसलंच चॅनेल एससीएन २०१० मध्ये विकलं, तेही आता साधं मनोरंजनाचं चॅनेल. ब्रिटिश कोलंबियाचं नॉलेज नेटवर्क १९८१ पासून चालू आहे, क्वेबेकचं टेले-क्वेबेक पण. विकताना शैक्षणिक तासांच्या अटी घालतात, पण मालकाला जाहिराती विकायच्या असतात, अटी दर नूतनीकरणाला थोड्या थोड्या झिजतात. त्यामुळे देणगी मागतात तेव्हा मला वावगं काही वाटत नाही, मी देते.

तुम्ही आता काय करायचं ते सांगते. ओंटारियोत केबल किंवा डिश घेतलीत तर सगळ्यात स्वस्त बेसिक पॅकेजमध्येही टीव्हीओ असतंच, ते देणं कंपनीला बंधनकारक आहे, त्यासाठी वरचं पॅकेज कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. नुसतं इंटरनेट असेल तर साइटवर आणि यूट्यूबवर बरंचसं फुकट आहे, जुन्या संग्रहातलेही पुष्कळ कार्यक्रम ठेवलेत. आणि नवीन आलेल्या लोकांना हे फारसं माहीत नसतं म्हणून मुद्दाम लिहिते: बारावीपर्यंतचे कोर्स घरबसल्या देणारं इंडिपेंडंट लर्निंग सेंटर २००२ पासून टीव्हीओकडेच आहे, त्याचं क्रेडिट ओंटारियोच्या हायस्कूल डिप्लोमाला धरतात. घरात किंवा ओळखीत कोणाचं शिक्षण अर्धवट राहिलं असेल, किंवा कॉलेजला जायच्या आधी एखादा विषय पुरा करायचा असेल, तर प्रवेशाच्या अटी आणि फी आधी त्यांच्याच साइटवर बघून घ्या, वय आणि इमिग्रेशन स्टेटसप्रमाणे फरक पडू शकतो.